राखेचा पंचनामा

तुळशीदास झुगरे यांना बढती मिळून ते सहायक फौजदार झाले, त्याला आता दोन वर्षं होतील. पण ही बातमी त्यांच्या खांद्यावरच्या ताऱ्यापलीकडे फारशी पोचलेली नाही. जव्हारच्या बाजारातल्या भाजीवाल्या बायांपासून एसटी डेपोतल्या कंट्रोलरपर्यंत सगळे त्यांना हवालदारच म्हणतात. घरात नवशीवहिनीसुद्धा "आमचे हवालदार" असंच म्हणतात. झुगऱ्यांनी एकदा ते दुरुस्त करून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "फौजदार काय घरात पाणी भरतो का?" झुगऱ्यांनी हंडा उचलला आणि तो विषय तिथंच मिटला.

माणूस दिसायलाही पोलिसासारखा नाही. उंची बेताची, पोट बेताच्या थोडं पुढं गेलेलं, आणि आवाज असा मऊ, की चोराला "थांब" म्हणाले तर तो "का हो, काय झालं?" असं विचारून थांबेल. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणावर काठी उगारल्याचं ऐकिवात नाही. काठी आहे. ती चौकीच्या मागच्या खिडकीला अडसर म्हणून लावलेली असते.

चौकी म्हणजे दोन खोल्या, एक बाकडं आणि एक माठ. या डोंगरावर चोऱ्या कमी; चोरून न्यावं असं कुणाच्या घरात फार नसतं. चौकीत येतं ते जमिनीचं. बांध सरकवला, ऐनाचं झाड तोडलं, वनपट्ट्यावर, म्हणजे वनजमिनीच्या कागदावर, नाव एकाचं आणि नांगर दुसऱ्याचा. अशा वेळी पोलिसाच्या तोंडी एक तयार वाक्य असतं: "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." हे वाक्य बोलायला सोपं, कायद्यानं बरंचसं खरं, आणि ते बोललं की चहा गार होत नाही. झुगरे मात्र ते बोलत नाहीत. ते मोटरसायकल काढतात, दोन्ही बाजूंना "तिथंच भेटा, जागेवर" असं सांगतात आणि निघतात.

जागेवर गेल्यावर ते जे करतात, ते नव्या माणसाला चमत्कारिक वाटतं. करण नावाचा लातूरकडचा तरणा शिपाई मागच्या वर्षी चौकीत आला. तो पहिल्यांदा त्यांच्याबरोबर साखरशेतच्या बाजूला गेला तेव्हा बांधाशी पोचल्यावर झुगरे खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. करणला वाटलं, खडा गेला असेल. झुगऱ्यांनी दोन्ही बूट काढले, मोजे त्यात कोंबले, अनवाणी उभे राहिले आणि समोरच्या दोन भांडणाऱ्या घरांकडे बघून विचारलं,

"पाय ठेवू का?"

करणला हसू आवरेना. परत येताना तो म्हणाला, "साहेब, आपण पोलीस. आपण परवानगी मागायची व्हय?"

"मागावी," झुगरे म्हणाले.

"आणि ते नको म्हणले तर?"

"आजवर कुणी म्हणालं नाही. पण आधी कोण बोलतं ते बघायचं, आणि कोण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतं तेही. निम्मी चौकशी तिथंच होते."

करणला हे पटलं. हुशार हवालदाराची युक्ती म्हणून त्यानं ती चौकीत सगळ्यांना सांगितली. पण ती युक्ती नव्हती. तो प्रश्न मुळात झुगऱ्यांचा नव्हताच. तो त्यांना कुणीतरी विचारला होता. ती गोष्ट सांगायची तर आधी राब म्हणजे काय ते सांगायला हवं.

आमच्याकडे उतारावरची जमीन. भात असो की नाचणी, बी सरळ शेतात टाकत नाहीत. हिवाळ्यात ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत जमिनीच्या एका कोपऱ्यात थरावर थर रचून ठेवतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी तो ढीग भाजतात. हा राब. त्या भाजलेल्या मातीत, राखेत रोप तयार होतं आणि मग ते उपटून सगळ्या शेतात लावतात. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर त्या वर्षी ताटात काही नाही. पण राबाचं आणखी एक काम असतं, ते शेतीच्या पुस्तकात नसतं. कागद काही म्हणो, जागा कुणाची हे पाड्यावर राखेवरून धरतात. सलग भाजत आलेल्या माणसाची ती जागा. एक साल राख दिसली नाही, तर माणूस जागा सोडून गेला असं समजतात आणि पुढच्या सालाला तिथं दुसरा कुणी भाजू शकतो. त्याला कुणी चोर म्हणत नाही.

झुगरे स्वतः मोखाड्याच्या अलीकडच्या एका पाड्यावरच्या शेतकऱ्याच्या घरातले. लहानपणी राबाच्या धुरानं डोळे चोळत शाळेत गेलेले. हे सगळं त्यांना पाठ होतं. आणि तरीही.

गोष्ट २०१७ सालची. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना उजव्या हाताला खाली उतरणारं एक गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांच्या सात-आठ झोपड्या. तिथं सुकऱ्या वाघ राहायचा. कातकऱ्यांकडे जमीन नसतेच. मजुरी हेच त्यांचं शेत. पण सुकऱ्यानं लग्न झाल्याच्या वर्षी झोपडीजवळचा तीस गुंठ्यांचा एक दगडगोट्याचा उतार साफ करायला घेतला. त्याची बायको गोदी नवी नवरी होती. ती सांगते, "लोकांच्या नवऱ्या हळद उतरायला बसत्यात, मी धोंडं उचलाय बसले." त्या धोंड्यांचाच बांध झाला. वीसएक वर्षं त्या तुकड्यात नाचणी पिकली.

मग वनपट्ट्यांच्या मोजण्या सुरू झाल्या आणि खालच्या पाड्यावरचा सोम्या म्हणाला, तो उतार माझ्या बापाचा. सुकऱ्याला आम्ही नुसता वापरायला दिला होता. सोम्याची आणखी तीन ठिकाणी जमीन. त्याचा बाप त्या उतारावर गुरं चारायचा, हे खरंच होतं. शब्दाला शब्द लागला, कोयते घरातून अंगणात आले, आणि दोघंही चौकीत आले.

होळीच्या आधीचा आठवडा होता. होळीला आमचा माणूस जगाच्या पाठीवर असेल तिथून घरी येतो, त्यामुळे बंदोबस्ताची धांदल. झुगरे तेव्हा खरे हवालदार होते. एक पाय मोटरसायकलवर टाकलेला, दुसरा जमिनीवर. त्यांनी दोघांचं दीड मिनिट ऐकलं आणि निकाल दिला,

"कागद येईपर्यंत दोघांपैकी कुणीही त्या जमिनीत पाय ठेवायचा नाही. ठेवलात तर दोघांनाही आत टाकीन."

किती न्याय्य! दोघांना सारखं. तराजूनं तोलून दिल्यासारखं.

सुकऱ्यानं विचारलं, "सायेब, म्हंजे किती दिस?"

"सांगितलं ना? कागद येईपर्यंत."

"बरं," सुकऱ्या म्हणाला.

कुठला कागद, तो कुणाकडून येणार, हे झुगऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. कागद हा शब्द आम्ही पावसासारखा वापरतो, कुठूनतरी येईल. आणि असा हुकूम द्यायचा अधिकार पोलिसाला नसतोच. तो तहसीलदाराचा. झुगऱ्यांनी तो ना डायरीत लिहिला, ना वर कळवला. होळी झाली, बंदोबस्त उठला आणि ते वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलं.

सुकऱ्याच्या डोक्यातून गेलं नाही. हुकूम पाळायचा म्हणजे किती पाळायचा! ओहोळावर जायची वाट त्या तुकड्यातून जात होती. सुकऱ्या वळसा घालून जायला लागला, डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन. त्याची शेळी एकदा आत शिरली, तर हा बांधावर उभा राहून तिला हाका मारत बसला. आत जाऊन हाकलली नाही. खालच्या पाड्यावरची माणसं हसली. शेळीनं शेवटी आपल्या सोयीनं बाहेर यायचं ठरवलं.

रचलेला राब तसाच राहिला आणि कुजला. सोम्यानंही तिथं पाय ठेवला नाही, अगदी इमानदारीत. पण सोम्याला आणखी तीन तुकडे होते. सुकऱ्याला हा एकच.

नाचणी नाही म्हटल्यावर दिवाळीनंतर सुकऱ्या आणि गोदी ठाण्याकडे गेले, इमारतीच्या कामावर. होळीला फक्त गोदी परत आली. माघ महिन्यात सुकऱ्या सहाव्या मजल्याच्या परांचीवरून पडला होता. तिकडच्या कुठल्याशा पोलीस ठाण्यात अपघाती मृत्यूची नोंद आहे. पंचनामा झाला, सह्या झाल्या. त्या कागदावर त्याच्या गावाचं नाव आहे, वय आहे, खाली पडल्याची वेळसुद्धा आहे. तो परांचीवर का चढला होता, हे त्या कागदावर नाही. ते लिहायला तिथं जागाच नसते.

त्या वर्षी उन्हाळ्यात सोम्यानं त्या तुकड्यात राब भाजला. पाड्याच्या रीतीनं त्यानं काही गैर केलं नव्हतं. एक साल राख नव्हती.

आणि त्यानंतरच्या वर्षी, २०१९ च्या मार्च महिन्यात, गोदी चौकीत आली. झुगरे बाकड्यावर बसून जेवत होते. ती दाराशीच उभी राहिली. त्यांना वाटलं, दारूचं भांडण असेल. ते म्हणाले, "ये, बाय. काय झालं?"

गोदी म्हणाली, "सायेब, आता पाय ठेवू का?"

"कुठं?"

"जमिनीत. तुमी सांगितलेलं, कागद येईस्तवर ठेवू नका. कागद आला का?"

झुगऱ्यांना काही आठवेना. त्यांनी विचारलं, "कुणाला सांगितलं होतं?"

"आमच्या मालकांना. सुकऱ्या."

"ते कुठं आहेत?"

तिनं सांगितलं.

झुगरे मला म्हणाले होते, तक्रार करायला आली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, छाती बडवली असती, तर पोलिसाला त्याचा सराव असतो. ती परवानगी मागायला आली होती. दोन वर्षं ती बाई एका विसरलेल्या वाक्याच्या बाहेर उभी होती.

"ठेव पाय," ते कसंबसं म्हणाले. पण आत आता सोम्याची राख होती, आणि हे तिलाही माहीत होतं. मग त्यांनी तिला वनहक्काचा दावा करायला लावला, अर्ज स्वतः लिहून दिला. वर्षभरानं तो परत आला: सलग ताबा दिसत नाही. ताबा का सुटला, हे त्या अर्जात नव्हतं. अर्ज झुगऱ्यांनी लिहिला होता, तरी नव्हतं. मग महामारी आली, मग त्यांची बदली समुद्राकडच्या एका ठाण्यात झाली. तिथं ते तीन वर्षं मासेमाऱ्यांची भांडणं सोडवत राहिले आणि दर उन्हाळ्यात, डोंगराच्या बाजूला धूर दिसायचा नाही तरी, तिकडे बघत राहिले. बूट काढायची आणि विचारायची सवय त्यांना तिथं लागली. वाळूत बूट काढणारा हवालदार कुणाला चमत्कारिक वाटत नाही. ते परत जव्हारकडे आले तेव्हा सवय बरोबर आली.

आता या वर्षीची, २०२५ ची गोष्ट.

एप्रिलमध्ये एका सकाळी फोन आला: कातकरी वस्तीवर भांडण, कोयते काढलेत. झुगरे आणि करण पोचले, तर गोदी त्या तुकड्याच्या बांधावर ऐनाच्या फांद्यांचा भारा टाकून उभी होती. तिचे केस पिकले होते, पण उभं राहणं तेच, दाराशी उभं राहिल्यासारखं. समोर सोम्याचा मुलगा रूपेश. तो नाशिकला कंपनीत जातो, अंगात कंपनीचा शर्ट, हातात कोयता. म्हातारा सोम्या मागं एका धोंड्यावर बसलेला.

"हवालदार, हिला सांगा," रूपेश ओरडला. "सात वर्षं राब आमचा. आता हिला जमीन आठवली!"

"मला रोज आठवते," गोदी म्हणाली. "तुला कंपनीत आठवते का?"

"जीभ बघा कातकरणीची!"

"जीभच हाय. कोयता तुझ्या हातात हाय."

करण पुढं झाला. त्यानं छाती काढली आणि पोलिसी आवाजात म्हणाला, "ए, बास! कागद होईपर्यंत दोघांपैकी कुणीही या जमिनीत..."

"करण!"

झुगऱ्यांचा एवढा मोठा आवाज करणनं कधी ऐकला नव्हता. मला वाटतं, झुगऱ्यांनीही नव्हता. करण वाक्य अर्धंच ठेवून मागं सरला. झुगऱ्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. गोदी त्यांच्याकडे बघत होती. तिलाही ते वाक्य ओळखीचं होतं.

मग त्यांनी नेहमीप्रमाणे बूट काढले. बांधाशी उभे राहून "पाय ठेवू का?" असं विचारलं. रूपेश आधी म्हणाला, "या की, आमचीच जागा." गोदी भाऱ्यापाशीच उभी राहिली.

तो पंचनामा करायला त्यांना साडेतीन तास लागले. करणला तो एवढा पाठ झाला आहे, की आता तो इतरांना शिकवतो. कोयते आधी करणच्या ताब्यात. मग दोन्ही बाजूंना बरोबर घेऊन बांधावरून चालायचं, पुढं एक आणि मागं एक नाही, शेजारी शेजारी. प्रत्येक धोंड्याशी थांबून विचारायचं, हा कुणी ठेवला? पोलीस पाटील आणि तलाठी हजर. दोघांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहायचं आणि वाचून दाखवायचं. धमकी वेगळी, मालकी वेगळी. धमकीचं पोलीस बघणार, मालकीचं नाही, हे दोघांना तोंडावर सांगायचं. शेवटी झुगरे राबाच्या कोपऱ्यात उकिडवे बसले, राख चिमटीत घेतली, खालची माती उकरली.

"कुणाची?" त्यांनी विचारलं.

"आमची," रूपेश म्हणाला.

"खालची?"

रूपेशनं बापाकडे बघितलं. मागून सोम्या म्हणाला, "खालची सुकऱ्याची. ल्हिवा."

झुगऱ्यांनी लिहिलं: गेली सात वर्षं राब सोम्याचा, त्यापूर्वी सुकऱ्याचा. जे होतं ते.

ठाण्यात नव्या आलेल्या फौजदार जयश्री मॅडमनी ते वाचलं. वयानं त्या झुगऱ्यांच्या मुलीएवढ्या, पण कायदा पक्का.

"चांगला आहे पंचनामा," त्या म्हणाल्या. "पण झुगरे, हे तहसीलदारांकडे गेलं तर बाई हरणार. आता नव्या कायद्याचं कलम १६४, पूर्वीचं १४५. ते फक्त एवढंच बघणार की गेल्या दोन महिन्यांत ताबा कुणाचा. तुम्हीच लिहिलंय, रूपेशकडे."

"खरं तेच लिहिलं, मॅडम."

"मग?"

"आणखी एक जबाब जोडायचाय."

"कुणाचा?"

"माझा."

त्यांनी दोन पानं पुढं ठेवली. त्यात २०१७ ची होळी होती, मोटरसायकलवरचा पाय होता आणि ते वाक्य जसंच्या तसं होतं. अधिकार नसताना, नोंद न करता, मुदत न देता मी असा तोंडी हुकूम दिला, आणि सुकऱ्या वाघ याने तो पाळल्यामुळे त्याचा ताबा सुटला. २०१९ मध्ये हे कळूनही मी लिहून दिलं नाही.

मॅडमनी दोनदा वाचलं. "याची चौकशी लागेल, माहिती आहे ना? तुमच्या नोकरीचे दहा महिने राहिलेत. सर्व्हिस बुकात एक लाल शेरा नाही तुमच्या."

"हो."

"आणि दोन महिन्यांच्या कायद्यात याचा काही उपयोग नाही."

"तिथं नाही, मॅडम. पण तिचा वनहक्काचा दावा सलग ताबा नाही म्हणून परत आलाय. सलग का नाही, ते एकाच माणसाला माहीत आहे. तो रिटायर व्हायच्या आत लिहिलेलं बरं."

मॅडमनी ती पानं सरळ केली, त्यावर आवक क्रमांक टाकला, आणि मग त्यांना म्हणाल्या, "बसा जरा. पाणी घ्या." फौजदारानं सहायक फौजदाराला पाणी भरून दिल्याचं ठाण्यात पहिल्यांदाच दिसलं. नवशीवहिनींना ते कळलं असतं तर त्यांचं मत बदललं असतं.

राबाचा प्रश्न उरला. महिन्याभरात राब भाजायलाच हवा होता, आणि तहसीलदारांची तारीख जूनच्या अखेरची. झुगऱ्यांनी दोन्ही घरांना तलाठ्यासमोर बसवलं आणि कागद केला. हुकूम नाही, दोघांच्या राजीखुशीचा कागद. निकाल होईपर्यंत या तुकड्यात राब कुणीच भाजणार नाही. ज्यानं त्यानं आपलं रोप दुसरीकडे तयार करावं. या वर्षी राख नाही म्हणून कुणी जागा सोडली असं धरू नये. मुदत पंधरा जुलै. त्यानंतर हा कागद संपला. "मुदत" हा शब्द त्यांनी दोनदा वाचून दाखवला. सोम्यानं अंगठा दिला, गोदीनं दिला. रूपेशनं इंग्रजी सही केली आणि नाशिकला गेला.

गोदीनं झोपडीसमोर, खाटेएवढ्या जागेत, आपल्या भाऱ्याचा राब भाजला आणि नाचणी पेरली. शेजारणी म्हणाल्या, "अगो, जमीन कुठं हाय? रोप काय चुलीत लावशील?"

"तारीख लागली आन रोपच नसलं, तर मंग?" ती म्हणाली.

जूनच्या तारखेला तहसीलदार दौऱ्यावर होते. पुढच्या सुनावणीला निकाल लागला. ताबा सोम्याचा. गोदीनं आपला हक्क योग्य त्या ठिकाणी मागावा. त्याच आठवड्यात झुगऱ्यांना कारणे दाखवा नोटीस आली, आणि त्यांच्या सेवापुस्तकात एकतीस वर्षांनी पहिल्यांदा लाल शाई लागली.

निकाल सांगायला झुगरे स्वतः गेले. सोबत त्यांच्या जबाबाची शिक्का मारलेली नक्कल होती, वनहक्काच्या अपिलासाठी. त्यांनी ती दारात बसून तिला वाचून दाखवली. मधे सुकऱ्याचं नाव आलं तेव्हा तिनं पदर नीट केला.

"खाली तुमची सही हाय?"

"आहे."

तिनं तो कागद घेतला, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "आला म्हनायचा कागद." तिच्या बोलण्यात टोमणा होता की नव्हता, हे झुगरे अजून ठरवू शकलेले नाहीत. "ह्यो दाखवला तं रूपेश बाजूला व्हईल का?"

"नाही. याला वेळ लागेल. वर्ष, दोन वर्षं. आणि होईलच असंही नाही."

"बरं," गोदी म्हणाली. अगदी सुकऱ्यासारखं.

खाटेएवढ्या त्या तुकड्यात रोप वीतभर झालं होतं, हिरवंगार, आणि त्याला जायला जागा नव्हती. आणि खाली सोम्याकडे जागा होती आणि त्या जागेपुरतं रोप नव्हतं. रूपेशनं राब दुसरीकडे भाजायचं मनावर घेतलंच नव्हतं. निकाल लागल्यावर बघू, असं तो म्हणाला होता. नाचणी मात्र असं थांबत नाही.

पुढचं झुगऱ्यांनी पाहिलेलं नाही, पोलीस पाटलांनी सांगितलं. दोन दिवसांनी म्हातारा सोम्या काठी टेकत वर आला आणि गोदीच्या दारात बसला. आमच्याकडे रोप विकत नाहीत. कुणी मागायला आलं तर नाही म्हणत नाहीत.

"रोप उरलं हाय का तुझं?" शेवटी सोम्यानं विचारलं.

"उरलं नाय. हाय."

"आमाला कमी पडलं."

गोदीनं रोपाकडे बघितलं. मग म्हणाली, "देते. पन लावाया मीच येनार. माझ्या रोपाला दुसऱ्याचा हात नको."

सोम्यानं मान हलवली. त्या म्हाताऱ्याला आपण काय कबूल करतोय ते कळत नव्हतं, असं मला वाटत नाही. सात वर्षं तो रोज त्या राखेशेजारून गेला होता.

झुगऱ्यांना निरोप मिळाला. वाद असलेल्या जागी लावणी चालू आहे म्हटल्यावर जाणं हे त्यांचं कामच होतं. करणला घेऊन ते निघाले. धुक्यात उतार अर्धा दिसत होता. चिखलात गोदी वाकलेली होती, एक एक काडी मातीत दाबत. आठ वर्षांनी ती त्या जमिनीत होती. बांधावर सोम्या इरलं घेऊन बसला होता.

झुगऱ्यांनी बूट काढले. बांधाशी उभे राहून, कुणा एकाकडे न बघता, त्यांनी विचारलं,

"पाय ठेवू का?"

सोम्यानं तोंड उघडलं. मग त्यानं गोदीकडे बघितलं आणि ते मिटलं.

गोदीनं मान वर केली नाही. पुढची काडी लावत ती म्हणाली, "या. पन रोपावर ठेवू नका."

झुगरे आत गेले नाहीत. बांधावरच बसून त्यांनी डायरी काढली, पानावर पावसाचे थेंब पडू नयेत म्हणून करणनं वर टोपी धरली, आणि ते लिहू लागले. तारीख. वेळ, सकाळी अकरा वीस. समक्ष पाहिले की, सदर जागेत नाचणीची लावणी श्रीमती गोदी सुकऱ्या वाघ या स्वतः, स्वतःच्या रोपाने, सोम्या यांच्या समक्ष व हरकतीशिवाय करीत आहेत. जागेत प्रवेशासाठी विचारणा केली असता...

इथं ते थांबले. करण म्हणाला, "हे पण लिहायचं व्हय साहेब?"

"जे झालं ते," झुगरे म्हणाले, आणि परवानगी जिनं दिली तिचं नाव लिहिलं.